उशीर आणि तोल

स्थैर्य हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. ज्याचे काही हलत नाही ते स्थिर, अशी आपली समजूत असते. म्हणून निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाचे आयुष्य स्थिर असते आणि डबक्यातले पाणीही स्थिरच असते. गणितशास्त्राला हा अर्थ मान्य नाही. वस्तू हलते की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही; धक्का दिला तर पुढे काय होते, एवढेच ते विचारते. माजघरातल्या झोपाळ्याला ढकलले तर तो चार हेलकावे घेऊन पुन्हा आपल्या जागी येतो, तो स्थिर. टोकावर उभी केलेली पेन्सिल क्षणभर मुळीच हलत नाही, तरी ती अस्थिर, कारण वाऱ्याची एक झुळूक तिला पुरते. आमच्या सांवेरचे हनुमंत डोके खाली आणि पाय वर अशा रूपात विराजमान आहेत. उलटे हनुमान म्हणून त्यांची ख्याती माळव्याबाहेरही आहे. तेथे तोल श्रद्धेने सांभाळलेला आहे. बाकीच्या उलट्या वस्तूंना ती सवलत नाही.

मी गणित विषय घेऊन इंदूरला बी.एस्सी. झालो आणि पुढे अडतीस वर्षे राज्य शासनाच्या कोषागारांत हिशेब पाहिले. गणिताशी संबंध राहिला तो बेरीज-वजाबाकीपुरता. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा अवकल समीकरणांवरची पुस्तके पुन्हा हाती घेतली. देव आणि राघवेंद्र यांचे १९८० साली प्रसिद्ध झालेले पाठ्यपुस्तक त्यांत होते आणि त्याचा उत्तरार्ध स्थैर्याच्या विचाराला वाहिलेला होता. वाचता वाचता कळले की या विषयाचे एक घराणे मराठी मुलखातही नांदून गेले आहे. १९५८ साली औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६०च्या दशकात व्ही. लक्ष्मीकांतम् तेथे गणिताचे प्राध्यापक होते. पुढे अमेरिकेत गेल्यावर एस. लीला यांच्यासह त्यांनी लिहिलेला द्विखंडी ग्रंथ १९६९ साली निघाला. ज्या समीकरणांत भूतकाळ शिरलेला असतो, अशा समीकरणांचाही विचार त्यात आहे. मला सांगायचे आहे ते याच समीकरणांविषयी; आणि ते सांगावेसे वाटते, याचे कारण आमच्या शेतात आहे.

प्रथम मूळ पुरुषाविषयी. अलेक्सांद्र मिखाइलोविच ल्यापुनोव हा रशियन गणिती १८५७ साली यारोस्लाव्हल येथे जन्मला. वडील खगोलशास्त्रज्ञ, एक भाऊ संगीतकार, दुसरा स्लाव्ह भाषांचा अभ्यासक. १८९२ साली त्याने गतीच्या स्थैर्यावरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातील एक युक्ती इतकी सोपी आहे, की ती आधी कोणाला सुचली नाही याचे नवल वाटावे. एखाद्या रचनेचे पुढे काय होणार हे जाणण्यासाठी तिचे समीकरण सोडवावे लागते, आणि बहुतेक समीकरणे सुटत नाहीत. ल्यापुनोव म्हणाला, सोडवू नका. एकच अशी राशी शोधा, जी समतोलाच्या जागी शून्य असते, अन्यत्र शून्याहून मोठी असते आणि काळ पुढे सरकेल तशी घटतच जाते. अशी राशी सापडली की काम झाले. झोपाळ्याच्या बाबतीत ती राशी म्हणजे त्याची ऊर्जा. कड्यांच्या घर्षणाने ती कमी कमी होत जाते. मग प्रत्येक हेलकाव्याचा हिशेब ठेवण्याची गरज काय? झोपाळा केव्हा कोठे असेल हे सांगता आले नाही, तरी तो अखेर स्थिरावेल हे छातीठोकपणे सांगता येते.

या विचाराला जगात मान्यता मिळण्यास मात्र फार वेळ लागला. १९०७ साली त्याचे फ्रेंच भाषांतर झाले. यंत्रांच्या नियंत्रणाचा अभ्यास करणाऱ्या पाश्चात्त्य अभियंत्यांनी तो मनावर घेतला तो १९६०च्या सुमारास. आणि संपूर्ण इंग्रजी भाषांतर निघाले १९९२ साली, बरोबर शंभर वर्षांनी. ल्यापुनोवने यातले शेवटचे दोन टप्पे पाहिले नाहीत. क्षयाने आजारी पत्नीला घेऊन तो १९१७ साली ओडेसाला गेला होता. ३१ ऑक्टोबर १९१८ रोजी ती वारली. त्याच दिवशी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. जगाला तोल मोजण्याची रीत देणाऱ्या माणसाविषयी याहून अधिक काही लिहिण्याचे धाडस मला होत नाही.

आता उशिराकडे वळतो. झोपाळ्याला आपण कोठे आहोत हे त्याच क्षणी कळते. पण जगातल्या पुष्कळ गोष्टींना ते उशिरा कळते. थंडीच्या दिवसांत न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडावा. गीझर लांब असेल तर नळीतले गार पाणीच आधी येते. आपण नळ आणखी फिरवतो. अर्ध्या मिनिटाने कढत पाणी अंगावर येते, आपण घाबरून नळ उलटा फिरवतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा कुडकुडतो. यात नळाचा दोष नाही, गीझरचा नाही, आपल्या हेतूचाही नाही. आपण आताच्या पाण्याला उत्तर देत आहोत असे आपल्याला वाटते. वस्तुतः ते अर्ध्या मिनिटापूर्वीच्या नळाचे पाणी असते.

या दृश्याचे समीकरण एका ओळीत मावते: बदलाचा वेग हा आजच्या चुकीवर नव्हे, तर काही काळापूर्वीच्या चुकीवर अवलंबून असतो. त्याचे उत्तर मला विलक्षण वाटते. दुरुस्तीचा जोर आणि उशिराचा काळ यांचा गुणाकार करावा. तो साधारण ०.३७ पर्यंत असेल, तर चूक हेलकावा न खाता निमूटपणे ओसरते. त्याहून अधिक पण १.५७ हून कमी असेल, तर हेलकावे येतात. मात्र ते विझत जातात. गुणाकार १.५७ च्या पुढे गेला की प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो. हा १.५७ चा आकडा म्हणजे वर्तुळाच्या परीघ-व्यास गुणोत्तराचा अर्धा भाग. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर असे: बातमी दहा दिवस जुनी मिळत असेल, तर रोज चुकीच्या साडेतीन टक्क्यांइतकी दुरुस्ती केल्यास सर्व काही सुरळीत होते. रोज सोळा टक्के केली, तर सुधारणेच्या प्रत्येक प्रयत्नाने बिघाड वाढत जातो.

एकट्या उशिराने तोल जात नाही आणि एकट्या घाईनेही नाही. दोघांचा गुणाकार घात करतो. उशीर कमी करणे हातात नसेल, तर हात हलका ठेवणे तरी हातात असते. आपल्या वडीलधाऱ्यांचा ‘दमाने घ्या’ हा सल्ला मी आळसाचे लक्षण समजत असे असे नाही. पण त्यामागे असा काटेकोर आकडा असू शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

येथे ल्यापुनोवची युक्ती एका अडचणीत सापडते. झोपाळा आता कोठे आहे आणि किती वेगात आहे हे सांगितले, की त्याचे भविष्य ठरते. न्हाणीघरात तसे नाही. दोन घरी या क्षणी नळातून अगदी सारखेच कोमट पाणी येत असेल. पण एकीच्या नळीत मागे कढत पाणी भरले आहे आणि दुसरीच्या नळीत गार. आजचा आकडा एकच आणि उद्याचे भाग्य वेगळे. म्हणून केवळ आताच्या ऊर्जेवर भरवसा ठेवता येत नाही. ती कधी वाढते, कधी घटते. १९५६च्या सुमारास स्वेर्दलोव्ह्स्कच्या निकोलाय क्रासोव्हस्कीने यावर उपाय काढला. त्याने राशीची व्याख्याच रुंद केली: आताच्या चुकीचा वर्ग, अधिक उशिराच्या संपूर्ण पट्ट्यातील चुकांच्या वर्गांची ठरावीक वजनाने केलेली बेरीज. म्हणजे नळातले पाणी आणि नळीतले पाणी, दोन्ही एका खात्यात धरायची. ही एकत्रित राशी सतत घटत असेल तर रचना स्थिर आहे.

हे वाचताना मला एखादा जुना सहकारी भेटावा तसा आनंद झाला. कोषागारात आम्ही दुसरे काय करीत होतो? तिजोरीतली रोकड मोजणे हे काम शिपायालाही जमते. खरी परीक्षा असते ती वाटेत असलेल्या रकमांची: एका ठिकाणाहून निघालेला आणि दुसऱ्या ठिकाणी न पोचलेला भरणा, दिलेले पण अजून न वटलेले धनादेश, मंजूर झालेली पण सादर न झालेली देयके. शिल्लक सारखीच असलेली दोन कोषागारे मार्चअखेर अगदी वेगळ्या अवस्थेत सापडत. ज्याने ‘मार्गस्थ’ हा रकाना नीट ठेवला, त्याला एप्रिल जड जात नसे. खर्चाची विवरणे दोन महिने उशिरा येतात, ती पाहून कोणी घाबरून देयके रोखतो, मग अखर्चित रक्कम पाहून कोणी ती घाईने वाटतो, हा खेळ प्रत्येक राज्यातल्या प्रत्येक जुन्या कर्मचाऱ्याने पाहिला आहे. क्रासोव्हस्कीने त्या रकान्याला गणितात स्थान दिले.

त्याच वर्षी ब. राझुमिखिनने दुसरा मार्ग सुचविला. सगळा भूतकाळ सारखा मोजत बसण्यापेक्षा एवढेच पाहा, की आजची चूक ज्या क्षणी मागच्या पट्ट्यातील सर्वांत मोठी ठरते, त्या क्षणी ती घटू लागते की नाही. घटत असेल तर भय नाही, कारण हाताबाहेर जायचेच असेल तर आधी मागचा उच्चांक ओलांडावा लागतो, आणि तेथेच पहारा बसविलेला आहे. पहिल्या रीतीत पूर्ण हिशेब, दुसरीत मोक्याच्या जागी तपासनीस. प्रशासनात दोघांचीही गरज लागते.

आता शेताविषयी. सांवेर तालुक्याची काळी माती बटाटा, कांदा आणि लसूण यांसाठी ख्यात आहे. उन्हाळी कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, लावणी डिसेंबर-जानेवारीत होते आणि माल एप्रिल-मेमध्ये निघतो. म्हणजे किती बिघ्यांत कांदा लावायचा हा निर्णय आणि त्या कांद्याचा भाव यांत सहा महिन्यांचे अंतर. निर्णय घेताना शेतकऱ्यापुढे असतो तो गेल्या हंगामाचा भाव. शिवाय कांदा ही वस्तू अशी, की स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही आणि महाग झाला म्हणून कोणी पूर्ण सोडत नाही. त्यामुळे थोडा माल अधिक झाला तरी भाव कोसळतो आणि थोडा कमी पडला तरी आभाळाला भिडतो. जर्मनीत आर्थर हानाऊने १९२८ साली डुकरांच्या बाजारात हेच चक्र दाखविले होते. १९३४ साली निकोलस काल्डोरने त्याला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले, कारण कागदावर त्याची आकृती तशी दिसते. पुरवठ्याचा प्रतिसाद मागणीच्या प्रतिसादाहून तीव्र असेल, तर ते जाळे आत न जाता बाहेर पसरत जाते.

आपल्याकडे ते कसे पसरले हे सर्वांनी पाहिले आहे. २०१५च्या पावसाळ्यात कांदा फार महागला. पुढच्या हंगामात अमाप कांदा लावला गेला आणि २०१६ साली मध्य प्रदेश शासनाला तो सहा रुपये किलोने खरेदी करावा लागला. २०१७ साली पुन्हा तीच गत. या वेळी आठ रुपये. त्याच जूनमध्ये शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले आणि ६ जून रोजी मंदसौर जिल्ह्यात गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. २०१९ साली अतिवृष्टीने पीक गेले, भाव शंभरीपार गेला. केंद्राने २९ सप्टेंबरला निर्यात बंद केली. ती उठली १५ मार्च २०२० रोजी, नवा उन्हाळी कांदा निघण्याच्या तोंडावर. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लागले, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली आणि ती उठेपर्यंत ४ मे २०२४ उजाडला. तोवर बहुतेक शेतकऱ्यांचा कांदा शेताबाहेर आला होता. कोणाच्याही हेतूवर शंका न घेता एवढे म्हणता येईल, की शेतकरी जुन्या भावाला उत्तर देतो, शासन जुन्या टंचाईला उत्तर देते, आणि दोघांचेही हात जड असतात.

आमची वडिलोपार्जित जमीन एकेकाळी बरीच होती. वाटण्या होता होता आता नऊ बिघे उरली आहे. ती माझ्या आणि दिवंगत धाकट्या भावाच्या वारसांच्या सामाईक नावे आहे आणि पुतण्या ती कसतो. २०१७च्या उन्हाळ्यात त्याचा कांदा पडेल भावात गेला. आधी लसणाला चांगला भाव मिळाला होता, म्हणून त्या हिवाळ्यात त्याने जवळजवळ सर्व जमिनीत लसूण लावला. २०१८ साली लसूण पडला. सोसायटीचे कर्ज डोक्यावर, दोन मुली शाळेत. त्या दिवाळीला तो कागद घेऊनच आला. उज्जैन रस्त्याकडेला प्लॉट पाडणारा एक जण जमीन घेण्यास तयार होता. माझी सही हवी होती.

‘‘काका, तुम्ही भावनेच्या भरात नाही म्हणू नका. हिशेबाने नाही म्हणा, मी ऐकेन,’’ तो म्हणाला.

हे मात्र त्याने नेमक्या माणसाला सांगितले. आम्ही दोन रात्री वही घेऊन बसलो. मागच्या आठ वर्षांची पिके आणि भाव लिहून काढले. ज्या ज्या वर्षी त्याने भाव पाहून सर्व जमीन एका पिकाखाली घातली होती, त्याच्या पुढच्या वर्षी तोटा होता. एक अपवाद निघाला. मग ठरले ते एवढेच: कांदा तीन बिघे, बटाटा तीन, गहू तीन, पावसाळ्यात सोयाबीन. भाव काहीही होवो, एका वर्षात कोणत्याही पिकाचे क्षेत्र एका बिघ्याहून अधिक वाढवायचे अथवा घटवायचे नाही. आणि वहीत दोन नवे रकाने: चाळीत साठवलेला माल आणि दिलेली पण न आलेली उधारी. तीन वर्षे करून पाहू, नाही जमले तर सही करीन, असे मी सांगितले.

२०१९च्या शरदात चाळीत राखलेल्या कांद्याला न भूतो असा भाव आला आणि पुतण्याने मला फोन केला. ‘‘नऊ बिघे कांदा असता तर एका वर्षात सगळे फिटले असते, काका.’’ मी म्हणालो, ‘‘असते. आणि पुढच्या वर्षी तू अठरा बिघे शोधत फिरला असतास.’’ तो हसला नाही. पण त्या हिवाळ्यात त्याने कांदा चार बिघेच लावला. कर्ज २०२२ साली फिटले. २०२४च्या वसंतात निर्यातबंदीचा फटका बसला तो तीन बिघ्यांना. गव्हाने घर चालवले. या सात वर्षांत त्याला एकदाही मोठा नफा झालेला नाही. सूनबाई म्हणते, आता रात्री झोप लागते. ल्यापुनोवच्या भाषेत याला काय म्हणतात ते मी तिला सांगितलेले नाही.

यात माझी काही करामत नाही आणि हा काही सिद्धांताचा पुरावाही नव्हे. एका नऊ बिघेवाल्याने हात हलका ठेवला म्हणून मंडी स्थिर होत नाही. मंडी स्थिर व्हायची तर लाखोंनी तसे करावे लागेल आणि शासनानेही. शिवाय पाऊस हा कोणत्याच समीकरणात नीट बसत नाही. तरीही मंडी ही एक रचना आहे तसे घर हीदेखील एक रचना आहे, आणि तिचा गुणाकार आपल्या हाती असतो.

शेवटी एक विचार आपल्यासारख्या घराण्यांसाठी. होळकरांच्या मागोमाग माळव्यात येऊन वसलेल्या आपल्या कुटुंबांना भूतकाळ पुष्कळ आहे, आणि त्याचे करायचे काय हा प्रश्न दर पिढीला पडतो. काही जण तो पूर्ण विसरतात, काही जण त्यातच राहतात. क्रासोव्हस्कीच्या राशीकडे पाहताना मला एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. त्याने भूतकाळ हिशेबात धरला, पण सगळा नव्हे. उशिराचा जेवढा पट्टा आहे, तेवढाच धरला. त्यापलीकडचे पाणी नळीतून केव्हाच वाहून गेले. जे अजून वाटेत आहे ते न मोजणे धोक्याचे, आणि जे पोचून संपले ते मोजत बसणे व्यर्थ. आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत जुन्या सनदा आहेत. मी त्या काढून पाहतो आणि जपून परत ठेवतो. वाटेत आहेत त्या पुतण्याच्या दोन मुली, चाळीतला कांदा आणि नऊ बिघे जमीन. ज्या वहीत सनदांचा रकाना नाही, त्या वहीत या तिन्ही गोष्टी आहेत. आणि यंदाच्या दिवाळीला ती माझ्यापुढे ठेवताना पुतण्याने सहीचा विषय काढला नाही.